९९ मिलिमीटरची ओळ

शाळेच्या प्रकल्पासाठी रायगडाचं माहितीपत्रक करायचं म्हटलं की हल्ली मुलं सगळ्यात आधी तयार टेम्प्लेट उघडतात. रंग देखणे, फोटो चकचकीत. मजकूर मात्र कुणी वाचत नाही. ए-फोर कागदाला दोन घड्या घातल्या की एका पानाला ९९ मिलिमीटर मिळतात. समास सोडले तर बारा पॉइंटात ओळीला जेमतेम पाच-सहा शब्द. आत जाणारं पान दोन मिलिमीटर अरुंद ठेवणं वगैरे सवयीनं जमतं. ही अरुंद ओळ मात्र प्रत्येक कामात नव्यानं अडवते, आणि पत्रकाचं देखणेपण तिच्यावरच ठरतं असं माझं ठाम मत आहे.

टेम्प्लेटं बहुतेक रोमन लिपीच्या मापानं बेतलेली असतात. तिथं मराठी मजकूर ओतला की खालच्या ओळीच्या वेलांट्या-रफार वरच्या ओळीच्या उकारांना भिडतात. शीर्षकाला ऐट यावी म्हणून अक्षरं लांब-लांब केली की शिरोरेघ तुटते. दोन्ही कडा जुळवल्या तर ‘राज्याभिषेकानंतर’ हा एकच शब्द खाली उतरतो आणि वरच्या ओळीत भगदाडं पडतात. म्हणून डावी कडा सरळ, उजवी मोकळी, बारा पॉइंटाला अठराचं अंतर. र. कृ. जोशींनी संगणकासाठी ‘मंगल’ घडवला, ‘मुक्ता’सारखा सुबक फाँट आज फुकट मिळतो, तेव्हा साधनं नाहीत ही सबब उरलेली नाही. नुसत्या अक्षरांनी नजर खिळते का, अशी शंका असेल त्यानं कमल शेडगे यांनी केलेली नाटकांची शीर्षकं पाहावीत.

यावर आक्षेप ठरलेला: गुण माहितीला असतात, मजकूर छाटला तर मुलाचं नुकसान. म्हणून टाइप नऊ पॉइंटावर आणून सगळं कोंबलं जातं. पण ६ जून १६७४ ही तारीख मोठ्या अक्षरांत एकटी उभी राहू शकते. टकमक टोक, हिरकणी बुरूज, जगदीश्वराचं मंदिर नकाशावर नुसत्या नावांनी दाखवता येतं. २०२५ साली जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत रायगड आहे, याला एक वाक्य पुरतं. शिवाय काय गाळायचं हे ठरवायला आधी सगळं वाचावं लागतं. उतरवून काढायला तेवढंही लागत नाही. छाटलेल्या पत्रकामागे अभ्यास जास्त असतो, कमी नव्हे.

घडी उलगडताच समोरच्यानं ‘वा!’ म्हणावं, ही हौस मला आजही आहे. आपली मांडणी उठून दिसावी असं कुठल्या मांडणीकाराला वाटत नाही? पण फोटो पाहून मिळालेली दाद फोटोग्राफरची असते. आपली दाद वाचणाऱ्याकडूनच यायची.

शिक्षकांना म्हणूनच विनंती आहे. गुण देण्याआधी पत्रक हातभर लांब धरून वाचून पाहा. डोळे बारीक न करता शेवटच्या ओळीपर्यंत पोहोचलात, तर पूर्ण गुण द्या.