फाटकाजवळचा फलक

दरवर्षीं जानेवारी महिन्यांत रस्ता-सुरक्षेचें अभियान येतें आणि आमच्या शाळेंत चित्रफलकांची स्पर्धा होते. कवटी, रक्ताचे थेंब, मोडकी दुचाकी आणि खालीं ठळक अक्षरांत ‘सावकाश जा’! परीक्षक या नात्यानें कित्येक वर्षें आम्हीं या फलकांस गुण दिले. यंदां मात्र एक प्रसंग घडला. तो आमच्या विद्यार्थ्यांपासून व त्यांच्या पालकांपासून लपविण्यांत अर्थ नाहीं.

बक्षीस-समारंभ आटोपून आम्ही एका सहकाऱ्याच्या स्कूटरवर मागें बसून निघालों. पहिलें बक्षीस मिळविणारा मुलगा फाटकाशींच उभा होता. तो नम्रपणें म्हणाला, “सर, आपलें हेल्मेट?”

“घर जवळच आहे, बाळ,” असें आम्ही उत्तरलों.

त्या उत्तराची मागाहून आम्हांस फार लाज वाटली. मागें बसणारासही हेल्मेट सक्तीचें आहे, हें आम्हींच वर्गांत सांगितलें होतें. २०२२ सालीं या देशांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मृत्युमुखीं पडलीं, हा आंकडाही आम्हींच फळ्यावर लिहिला होता. आंकडा पाठ, आणि डोकें उघडें!

मग असला उपदेश फळतो तरी केव्हां? हा विचार मनांत घोळत असतां ऑस्ट्रेलियांतील व्हिक्टोरिया राज्याची हकीकत वाचनांत आली. तेथें १९८९ च्या डिसेंबरांत दूरचित्रवाणीवर एक जाहिरात लागली. तींत कवटी नव्हती. रुग्णालय होतें; दारू पिऊन गाडी हांकणारा एक तरुण, आणि त्याच्यामुळें जखमी झालेल्या त्याच्या मैत्रिणीचे आईबाप. तरुणास स्वतःच्या मरणाची भीति क्वचितच वाटते, हें शिक्षकांस कोणीं सांगावयास नको. परंतु त्या आईबापांच्या दृष्टीस दृष्टि कशी द्यावी, ही भीति त्यासही कळते. शिवाय मागणें एकच होतें: प्यालांत, तर गाडी चालवूं नका. आणि मुख्य गोष्ट ही कीं, त्याच सुमारास पोलिसांच्या मोठमोठ्या बसगाड्या रस्त्याच्या कडेला उभ्या राहून चालकांचा श्वास तपासूं लागल्या. घरीं पडद्यावर जें पाहिलें, त्याचा जाब रस्त्यावर द्यावा लागे. १९८९ सालीं त्या राज्याच्या रस्त्यांवर ७७६ माणसें दगावलीं होतीं, १९९० सालीं ५४८. याचें सर्व श्रेय जाहिरातींस देतां येणार नाहीं. वेग टिपणारे कॅमेरेही त्याच सुमारास आले, आणि व्यापारांतील मंदीनें रहदारीही घटली असावी.

ब्रिटनमध्यें मोटारींतील पट्टा बांधा म्हणून वर्षानुवर्षें सांगून सुमारें चाळीस टक्के लोकांनीं ऐकलें. १९८३ च्या जानेवारीअखेर कायदा लागू झाला, तेव्हां नव्वद टक्क्यांहून अधिकांनीं.

आमच्या फलकांवर काय होतें? ‘सावकाश जा’ म्हणजे कोणीं, कोठें, किती सावकाश? आणि न गेल्यास कोण अडविणार?

त्या मुलानें आपला फलक पुन्हां रंगविला आहे. कवटी पुसून त्यानें लिहिलें, ‘हेल्मेटवांचून दुचाकी आंत येणार नाहीं’. तो फाटकावर लाविला आहे, आणि रोज सकाळीं आम्ही त्याखालीं उभे राहतों. पहिल्याच आठवड्यांत दोन पालक आमच्यावर रागावले. एक तर मुलास रस्त्यावरच उतरवून निघून गेले. हा अंक त्यांच्या हातीं पडेल, तेव्हां त्यांनीं आम्हांस क्षमा करावी. फाटक मात्र उघडणार नाहीं.