सरदार म्हातारा होतच नाही

2008 सालची गोष्ट. मी लातूरचा, इंजिनिअरिंगला नांदेडला. शहरात गुरू-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीची धामधूम, आणि आम्ही आठ-दहा जण कॅफेत ट्रॅव्हियन खेळत बसलेलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हा ब्राउझरवरचा गेम. गावं वसवायची, फौज वाढवायची, इतरांशी युती करायची. शेवटी ज्याचं 'जागतिक आश्चर्य' शंभराव्या पातळीला पोचेल तो जिंकला, आणि सर्व्हर पुन्हा शून्यावर.

आमच्या युतीचा सरदार मी. कारण एकच, मी सगळ्यांच्या आधी सुरू केलं होतं! अशा गेममध्ये आधी आलेल्याची वाढ चक्रवाढ व्याजासारखी होते, आणि वय नावाचा प्रकारच नसतो. माणूस मात्र बदलतो. परीक्षा आल्या, चार-चार दिवस मी लॉगिन करेना. पद काही सोडलं नाही. उदगीरचा एक ज्युनिअर रात्र-रात्र जागून सगळ्यांची गावं सांभाळायचा. म्हणाला, "दादा, जागतो मीच, तर हल्ले ठरवायचे अधिकार तरी द्या ना." मी म्हणालो, बघू. त्याच आठवड्यात एका रात्री त्याची निम्मी गावं गेली. मदत पाठवायचा आदेश द्यायला मी नव्हतोच. त्यानं गेम सोडला, आणि माझ्याशी बोलणंही.

त्याच डिसेंबरात मुख्यमंत्रिपद लातूरच्या विलासरावांकडून नांदेडच्या अशोकरावांकडे गेलं. मेसमध्ये त्यावरून काय जुंपली होती! मी हिरीरीनं भांडलो. स्वतःच्या खुर्चीचं तेव्हा डोक्यातही आलं नाही.

असो. सध्या शनिवार-रविवारी मी स्वतःच एक छोटा गेम लिहितोय, आणि त्यात सरदार म्हातारा होतो. खरा एक दिवस म्हणजे पात्राचं एक वर्ष. विसाव्या वर्षी गादी, साठीनंतर मरणाची शक्यता रोज थोडी वाढत जाते. पहिल्यांदा मेल्यावर सगळं शून्य केलं, तर मित्र भडकले. महिना-दीड महिना जागून उभं केलेलं कोण असं जाऊ देईल? मग सगळं वारसाला दिलं. तर नाव बदललं, राजवट तीच (हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको). आता गावं वारसाला मिळतात, पण फौजेतल्या ज्या तुकड्या त्यानं स्वतः लढवल्या असतील तेवढ्याच त्याच्याकडे राहतात. म्हणजे म्हाताऱ्याला जिवंतपणीच हात सैल करावा लागतो.

त्यातही पळवाट निघालीच. साठीला आलेले दोन सरदार मरायच्या आधी युतीचा खजिना आपल्या गावांत रिकामा करून मोकळे! इथे मला नांदेड आठवलं. 1708 मध्ये गुरू गोविंदसिंगजींनी तिथे गुरुगद्दी कुणा माणसाकडे दिलीच नाही, ग्रंथसाहिबाकडे दिली. तुलना करायची माझी लायकी नाही. पण तीन वर्षं त्या शहरात राहून जे सुचलं नाही ते आत्ता सुचलं, की गादी माणसालाच चिकटवली पाहिजे असं नाही. म्हणून खजिना आणि तह आता युतीच्या लिखित नियमांवर चालतात. सरदार नियम बदलू शकतो, पण एकटा नाही.

साठी की पन्नाशी, हे अजून ठरत नाहीये. पन्नाशी केली तर शिकायच्या आत माणूस जातो, सत्तरी केली तर ज्युनिअर कंटाळतात.

उदगीरच्या त्या पोराला टेस्टिंगला बोलावलंय. पोरगा कसला, तोही आता पस्तिशीत असेल. मेल उघडलेला दिसतोय.