पाय टेकण्यापुरती जमीन

वाघांबे गाव पहाटे साडेपाचला झोपेतच होतं. भाऊच्या गाडीचे दिवे विझले आणि समोर आकाशाहून काळे असे दोन डोंगर उभे राहिले. एक साल्हेर, दुसरा सालोटा, मधे खिंड. माघातली थंडी बोटांत शिरत होती. शेतातल्या कांद्याला रात्रीच्या विजेवर पाणी सोडलेलं होतं. ओल्या मातीचा गार वास बांधाबांधाने आमच्याबरोबर येत राहिला.

आम्ही चौघं. मास्तर, डॉक्टर, भाऊ आणि मी. कॉलेजात असताना दर महिन्याला कुठला ना कुठला गड ठरलेला असे. आता सगळ्यांनीच पन्नाशी ओलांडली आहे. डॉक्टरचा डावा गुडघा दुखतो, मास्तर निवृत्तीचे महिने मोजतो. भाऊ सटाण्याकडचा, कांदा आणि डाळिंब करणारा. चालण्याचा त्याचा वेग मात्र विसाव्या वर्षी होता तोच आहे, आणि पुढे जाऊन थांबायची सवयही तीच.

साल्हेरचा हट्ट माझा होता. माझं आजोळ गुहागरकडचं. लहानपणी खळ्यात निजताना आजी गोष्ट सांगायची: परशुरामाने एकवीस वेळा पृथ्वी जिंकली आणि सगळीच्या सगळी कश्यपाला देऊन टाकली. दान दिलेल्या जमिनीवर राहायचं कसं? मग तो सह्याद्रीवर उभा राहिला, त्याने समुद्राकडे बाण सोडला आणि समुद्र मागे सरला. "ही आपली जमीन त्या बाणाची गो," आजी म्हणायची. तो बाण सुटला कुठून, हे मी तिला कधी विचारलं नाही. साल्हेरच्या या मुलखात, बागलाणात, मात्र लहान पोरही सांगतं की तो साल्हेरच्या माथ्यावरून सुटला. गेल्या वैशाखात आजोळचं घर विकलं. मामांनी कागदावर सह्या केल्या, तेव्हा मी तिथेच होते. साठ वर्षं आजीने ते अंगण सारवलं, पण सातबाऱ्यावर तिचं नाव कधीच नव्हतं. त्या दिवसापासून या डोंगरावर यायचं मनात होतं.

खिंडीपर्यंतची चढण लांबलचक आहे. आधी शेतं, मग पिवळं पडलेलं गवत, मग घसारा. एखादी सावर पान न् पान टाकून लाल फुलांनी पेटलेली दिसे. उजाडलं तेव्हा आम्ही निम्म्यात होतो आणि साल्हेरचा कातळ वरून खाली उजळत येत होता. सूर्याची पट्टी थराथराने उतरत होती. हे सगळे लाव्ह्याचे थर. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक वाहत आले आणि निवत गेले. टणक थराचा सरळ कडा उभा राहिला, मऊ थर झिजून त्याची उतरण झाली. या खडकाला 'ट्रॅप' म्हणतात, आणि हा शब्द स्वीडिश भाषेतल्या जिन्यासाठीच्या शब्दावरून आला. मास्तर ही गोष्ट प्रत्येक गडावर सांगतो आणि मला ती प्रत्येक वेळी आवडते. डोंगराने आधी स्वतःच्या पायऱ्या केल्या, माणसाने त्यात आपल्या चार खोदल्या.

खिंडीतून त्या खोदीव पायऱ्या सुरू होतात. उंची अशी की प्रत्येक पायरीला मांडीवर हात टेकावा लागतो. पहिले दरवाजे लागले तेव्हा डॉक्टर देवडीत बसली. पहारेकऱ्यांसाठी केलेली ती दगडी जागा आत गारेगार होती. दरवाज्यांपुढे आडवी वाट लागते. एका अंगाला कातळ आणि त्यात खोदलेल्या गुहा, दुसऱ्या अंगाला खोल हवा. इथे कुणी बोलत नाही. पुढच्याच्या टाचा बघायच्या आणि आपलं पाऊल त्या जागी ठेवायचं, इतकंच काम उरतं. माझ्यापुढे डॉक्टर होती. तिची उजवी टाच ठामपणे पडायची, डावी आधी जमीन चाचपून बघायची. मी तिच्या पावलांवर माझी पावलं टाकत होते आणि कधी माझीही डावी टाच तशीच हळू पडायला लागली, ते कळलं नाही.

एका गुहेच्या तोंडाशी पाणी प्यायला बसलो. खालचा सपाट मुलूख सगळा उघडा पडला होता. 1671 मध्ये शिवाजी महाराजांनी हा गड घेतला आणि पुढच्याच वर्षी मोगलांची फौज त्याला वेढा घालून बसली. महाराजांचे मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर दोन बाजूंनी चालून आले आणि गडाच्या पायथ्याच्या मुलखात मोठी लढाई झाली. डोंगरातला गनिमी कावा नव्हता तो, उघड्या मैदानात समोरासमोर झालेली झुंज होती. मराठ्यांकडचे सूर्यराव काकडे तिथे पडले, जंबुऱ्याचा, म्हणजे लहान तोफेचा, गोळा लागून. सभासदाने आपल्या बखरीत त्यांना कर्णाची उपमा दिली आहे. ती बखर लिहिली गेली इथून शेकडो कोस दूर, जिंजीला, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून. 2025 च्या जुलैमध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत जे 12 किल्ले घेतले त्यांत साल्हेर आहे आणि जिंजीही आहे. मला या जोडीचं फार बरं वाटलं. एका गडाखाली माणूस पडला आणि दुसऱ्या गडावर बसून कुणीतरी त्याचं नाव लिहून ठेवलं.

"कुठे पडले असतील?" डॉक्टरने विचारलं. भाऊ बराच वेळ खाली बघत राहिला. "आता तिथे कांदा असेल," तो म्हणाला. त्याने हे इतक्या हळू म्हटलं की पुढे कुणी काही बोललं नाही.

दुसरे दरवाजे चढून माथ्यावर आलो आणि अचानक सपाटी लागली. मधोमध गंगासागर तलाव, काठाशी रेणुकामातेचं पडकं देऊळ. पाण्यावर वारा बारीक चुण्या पाडत होता. भाऊच्या घरून वहिनींनी दिलेली कळण्याची भाकरी, ठेचा आणि कांदा सोडला. कांदा भाऊने बुक्कीनेच फोडला. इतक्या उंचावर पाणी असतं, याचं नवल मला अजून ओसरलेलं नाही.

खरकटे हात तलावापासून लांब धुऊन मी देवळाशी गेले. मुलगा परशुराम वर सुळक्यावर, आई रेणुका खाली पाण्याजवळ. आजीने गोष्ट सांगताना रेणुकेचा भाग कधीच सांगितला नाही. बापाच्या शब्दाखातर आईचं मस्तक उतरवणारा मुलगा, आणि वर मागायला मिळाला तेव्हा त्याच आईचा जीव मागणाराही तोच, हे मी मोठेपणी वाचलं. आजीला ते ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? नवरात्रात तीच तर रेणुकेचं नाव घेऊन दिवा लावायची. तिने तेवढं गाळलं. नातीला जमीन कुठून आली ते सांगितलं, त्या आधी काय झालं ते स्वतःजवळ ठेवलं. दगडावर वाळलेला शेंदूर होता आणि कुणीतरी वाहिलेल्या हिरव्या बांगड्या. मी तिथे बराच वेळ उभी राहिले.

वरचा सुळका तिथून अर्ध्या तासाचा. डॉक्टर म्हणाली, "तुम्ही या जाऊन. मी थांबते इथे." मास्तरने तिची सॅक उचलून आपल्या पाठीवर टाकली. भाऊ म्हणाला, "चल, भो," आणि पहिल्यांदाच तो पुढे न जाता सगळ्यांच्या मागे उभा राहिला. अर्ध्या तासाच्या चढणीला आम्हाला सव्वा तास लागला. कुणीही घड्याळ पाहिलं नाही.

माथा 1567 मीटरवर. महाराष्ट्रात याहून उंच एकच जागा, कळसूबाई, आणि गड म्हणून पाहिलं तर साल्हेरच्या वर कुणी नाही. एवढ्या उंचीवरची जागा अंगणाइतकी. एक लहानसं देऊळ. आत पादुका.

मूर्ती, परशू, धनुष्य असं काहीतरी डोळ्यांसमोर ठेवून मी आले होते. पादुकांनी मी पुरती हलले. ज्याने सगळी पृथ्वी देऊन टाकली त्याचं इथे एवढंच उरलं आहे, पाय टेकले होते तेवढी खूण. आम्ही बूट काढले. उन्हाने तापलेला दगड तळव्यांना लागला. डॉक्टर माझ्या खांद्यावर भार देऊन उभी होती आणि तिचा श्वास माझ्या कानाशी हळूहळू सावकाश होत गेला.

चहूकडे डोंगर. सेलबारी-डोलबारीच्या रांगा, मुल्हेर, मोरा, हरगड, आणि पलीकडे मांगी-तुंगीची जुळी शिखरं. तिथे कातळातून कोरून काढलेली 108 फूट उंच ऋषभदेवांची मूर्ती आहे. पश्चिमेला डांगचं रान, धुक्यात एकामागे एक निळं होत गेलेलं. मी त्याच बाजूला तोंड करून उभी राहिले. समुद्र दिसत नाही. दिसणार नाही हे नकाशा सांगत होताच, तरी मी डोळे बारीक करून पाहिलं. मास्तरने काही न विचारता माझ्या हातात पाण्याची बाटली दिली.

उतरलो ते साल्हेरवाडीच्या बाजूने, दरवाज्यामागून दरवाजे ओलांडत. उतरणीबद्दल सांगण्यासारखं काही नाही. गुडघे होते आणि पायऱ्या होत्या. वाडीत पोचलो तेव्हा गुरं परतत होती आणि चुलींचा धूर घरांवर आडवा पसरला होता.

हापशावर एक म्हातारी घागर भरत होती. आमच्या धुळीने भरलेल्या पायांकडे तिने पाहिलं.

"वर जाऊन आली का?"

"हो, आजी. अगदी देवळापर्यंत."

"आईला भेटली का आधी?"

"भेटले," मी म्हटलं.

तिने आपली घागर बाजूला ठेवली आणि मी नको नको म्हणत असताना दांडा हाताला घेतला. मी बूट काढून पाय पुढे केले. पहिलं पाणी गढूळ होऊन वाहिलं, मग स्वच्छ, मग इतकं गार की डॉक्टरने शेजारून माझा हात घट्ट धरला आणि आपलाही पाय त्याच धारेखाली धरला.