वाट विचारताना

माझी भाची फ्रान्समध्ये असते. गेल्या वर्षी ती आणि तिचा नवरा लुआर नदीच्या काठाकाठाने दहा दिवस सायकलवर हिंडले. नकाशा घेतला नाही, मोबाईल बंद करून पिशवीच्या तळाशी. नदीपासून फार लांब जायचे नाही आणि अडले तर माणसांना विचारायचे, एवढाच नियम. "मामा, वाट विचारत जाण्यात काय मजा असते म्हणून सांगू!" असे तिने मोठ्या उत्साहाने लिहिले. ते वाचून मला आमची १९७४ सालची सायकल सहल आठवली. मजा आम्हालाही आलीच होती, पण तिच्याबरोबर आणखीही काही आले होते. ते बरेच दिवस मनात आहे, आज लिहून काढतो.

तेव्हा मी पंचवीस वर्षांचा, मेडशीत नवाच मास्तर. वाशीम जिल्हा १९९८ साली झाला, म्हणजे तेव्हा आम्ही अकोला जिल्ह्यातले. शाळेच्या भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा टांगलेला होता. त्यात रिसोड संपले की कागद कोरा. आम्हाला नेमके त्या कोऱ्या कागदावर जायचे होते. लोणार, सिंदखेडराजा, मेहकर, आणि तिथून मालेगाववरून परत. सोबत होता शाळेतलाच गणित शिकवणारा माझा मित्र. दिवाळीची सुट्टी, दोन जुन्या सायकली, कॅरियरला वळकटी, पंप, पाना, पंक्चरचे सोल्युशन आणि सहा दिवस.

दिवस फार छान होते. कापूस फुटलेला, ज्वारी डोक्याच्या वर गेलेली, तूर पिवळ्या फुलांवर. आज त्याच शेतांत सोयाबीन असते. तेव्हा दोन्ही बाजूंच्या ज्वारीतून सायकल चालवताना पुढचे गाव दिसायचेच नाही. विचारल्याशिवाय गत्यंतर नव्हते.

आमच्या वऱ्हाडात अंतर कोणी मैलात सांगत नसे. "थो वड दिसून रायला ना, त्याच्यापासून डाव्या हातानं. बिडी सरेपर्यंत पोहोचता." ती बिडी कधीकधी दीड तास सरायची नाही! शिवाय १९७२च्या दुष्काळातले रस्ते होते. लोकांनी पोटासाठी खडी फोडून तयार केलेले. काही चांगले झाले, काही पाऊस आला आणि काम थांबले तसे जिथल्या तिथे राहिले. रिसोडच्या पुढे असाच एक रुंद, सरळ रस्ता आम्हाला थेट नाल्याच्या काठावर घेऊन गेला आणि संपला. पलीकडे नुसते शेत. एका गुराख्या पोराने आम्हाला नाल्यातून पलीकडे काढून दिले. सायकली खांद्यावर आणि पोरगा पुढे. त्याने आमचे नाव-गाव काही विचारले नाही, फक्त घंटी वाजवून पाहिली.

मोठी माणसे मात्र विचारायची. त्याच दुपारी एका गावात पारावरच्या म्हाताऱ्या गृहस्थांना आम्ही लोणारची वाट विचारली. त्यांनी अगदी तपशिलाने सांगितली. मास्तर आहोत म्हटल्यावर आनंदले, घरात पाण्यासाठी हाक मारली. मग म्हणाले, "आडनाव काय म्हणलं?" मी सांगितले. ते मान हलवून मित्राकडे वळले. त्यांनी तोंड उघडायच्या आत मित्र म्हणाला, "बाबा, उशीर होते आम्हाले. येतो." आणि तो सायकलवर बसलासुद्धा. पाण्याचा तांब्या तेवढ्यात दारात आला होता.

गावाबाहेर आल्यावर मी काही विचारायच्या आधी तोच म्हणाला, "गुरुजी, वाट मला तुमच्याइतकीच ठाऊक नाही. पण थांबायचं कुठे, ते मात्र ठाऊक ठेवावं लागते."

मग मी त्याच्याकडे लक्ष ठेवून राहिलो. वाट विचारायला तो पोरे, गुराखी, कापूस वेचणाऱ्या बाया निवडायचा. विहिरीवर कोणी असेल तर पुढे जायचा. संध्याकाळी गावात शिरलो की निळा झेंडा कुठे आहे ते पाहायचा आणि सरळ तिकडे सायकल घालायचा. १९५६च्या नागपूरच्या दीक्षेला तेव्हा अठरा वर्षे झाली होती. पुण्याकडे डॉ. बाबा आढावांची 'एक गाव एक पाणवठा' मोहीम १९७२ मध्येच सुरू झाली होती, पण आमच्या वाटेवरची गावे आपल्याच चालीने चालली होती. नकाशा आम्हा दोघांपैकी फक्त माझ्याकडे नव्हता. त्याच्याकडे होता, लहानपणापासून पाठ केलेला.

त्या रात्री आम्ही विहारात उतरलो. तिथेही आडनाव विचारले. माझे ऐकून क्षणभर सगळे गप्प झाले. मग एका आजीबाईंनी भाकरी आणि झुणक्याचे ताट पुढे केले, पण हात सोडला नाही. "मास्तर, चालन ना तुमाले आमच्या घरचं?" मी जेवलो, चांगला दोन भाकरी जेवलो. पण जेवण वाढणाऱ्याला हा प्रश्न विचारावा लागतो, हे मला तेव्हाही जड गेले आणि आजही जाते.

दुसऱ्या दिवशी लोणार. जवळजवळ दोन किलोमीटर रुंदीचे ते विवर, तळाशी खारे पाणी, आणि वर काठावर बारमाही गोड पाण्याची धार. तिथे यात्रेकरूंची गर्दी होती, कोणी कोणाला काही विचारत नव्हते. मित्र त्या धारेखाली कितीतरी वेळ उभा होता. मी हाक मारली नाही.

भाचीने लिहिले आहे की तिकडे खेड्यांच्या दफनभूमीत फुलझाडांसाठी नळ असतो आणि सायकलवाले तिथे बाटल्या भरून घेतात. वाचून बरे वाटले. मेलेली माणसे आडनाव विचारत नाहीत.

असो. आमच्या वयाची मंडळी जमली की हमखास एक तक्रार निघते. मोबाईलवर नकाशा आला आणि माणसाने माणसाला वाट विचारणे संपले. खरे आहे, काहीतरी हरवले. आता आमच्याच भागातून समृद्धी महामार्ग जातो. त्यावर सायकलीला मज्जाव, आणि विचारायला वाटेत पारही नाही. पण मागे मी हे मित्राला बोलून दाखवले (तो आता अकोल्याला मुलाकडे असतो), तेव्हा तो हसला. त्याची नात नोकरीसाठी एकटी कुठे कुठे फिरते. म्हणाला, "गुरुजी, तो फोन वाट सांगते आणि गप्प बसते. आडनाव नाही विचारत."

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. घर भाड्याने देताना आजही आडनाव आधी आणि भाडे नंतर विचारले जाते, हे आपण सगळेच जाणतो. मोकळ्या हाताने, नकाशाशिवाय निघणे फार सुंदर असते. पण ते ज्याला परवडते त्याच्यासाठी. बाकीच्यांना कुठे थांबायचे याचा हिशेब करूनच निघावे लागते.

आमच्या घरासमोर अजूनही कधीमधी कोणी गाडी थांबवून शिरपूरची वाट विचारतो. मी सांगतो. मग पाणी हवे का, एवढे विचारतो. पुढचा प्रश्न मी विचारत नाही.