विल्यम बॉइस आणि सरांचे बाड

एम.ए.च्या वर्गाला पाठचिकित्सा शिकवताना एक प्रश्न आम्ही आजवर हटकून टाळत आलो आहोत. एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, 'दुसऱ्याच्या ग्रंथातले पाठभेद लावण्यात माणसाने आयुष्य का घालवावे?' मग आम्ही परंपरेविषयी काही ठेवणीतले बोल ऐकवतो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतो. या टाळाटाळीचे कारण आमच्या घरातल्या माळ्यावर आहे. आमचे सर जाताना एका जुन्या पोथीच्या चार प्रतींवरून उतरून घेतलेली बाडे आमच्या स्वाधीन करून गेले. 'एवढे पुरे करा', इतकेच म्हणाले. त्याला अकरा वर्षे झाली. बाडे बांधलेलीच आहेत, आणि आमचा स्वतःचा समीक्षाग्रंथही अर्धाच राहिला आहे.

पाश्चात्त्य संगीतात आमची गती यथातथाच. एका स्नेह्याने दिलेल्या सीडीवर विल्यम बॉइसच्या आठ सिंफनी प्रथम ऐकल्या, त्या केवळ कुतूहलापोटी. छोटेखानी, नेटक्या, प्रसन्न रचना. पुढे त्याचे चरित्र वाचू लागलो आणि अस्वस्थ झालो.

बॉइस लंडनचा. सप्टेंबर १७११ मध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला. वडील सुतारकाम करीत. पोर सेंट पॉल्सच्या कॅथिड्रलमध्ये गायकवृंदात गेले आणि पुढे तेथील ऑर्गनवादक मॉरिस ग्रीन याच्या हाताखाली शिकू लागले. शिष्याची कीर्ती हळूहळू वाढत गेली. १७३६ मध्ये तो राजाच्या चॅपलचा रचनाकार झाला, १७४९ मध्ये केंब्रिजने त्याला डॉक्टरेट दिली, आणि १७५५ मध्ये ग्रीनच्या निधनानंतर 'मास्टर ऑफ द किंग्ज म्युझिक' हे पद त्याच्याकडे आले. नववर्षदिनी आणि राजाच्या वाढदिवशी राजस्तुतीच्या कवनांना संगीत देणे हे दरबारी काम त्याने वर्षानुवर्षे केले. १७५९ मध्ये डेव्हिड गॅरिकच्या शब्दांना त्याने दिलेली 'हार्ट ऑफ ओक'ची चाल तर इंग्लंडच्या आरमाराचे संचलनगीत होऊन बसली.

परंतु ग्रीनकडून त्याच्याकडे केवळ पद आले नव्हते. इंग्लंडच्या कॅथिड्रलांमधून पिढ्यान्पिढ्या गायिले जाणारे उपासनासंगीत शुद्ध स्वरूपात छापावे, असा ग्रीनचा संकल्प होता. १६४० च्या दशकातील यादवीत कितीतरी गायनवह्या नष्ट झाल्या होत्या. ज्या उरल्या त्या नकलांवरून नकला करीत आलेल्या. लेखनिकांच्या चुका साचत गेलेल्या. हा प्रकार आपल्या पोथ्यांच्या अभ्यासकाला नव्याने सांगायला नको! ग्रीनने साहित्य जमवले, पण काम तडीस जाण्याआधीच तो गेला. जमवलेला तो सारा संग्रह मृत्युपत्रान्वये बॉइसकडे आला.

बॉइसने तो माळ्यावर टाकला नाही. टॅलिस, बर्ड, गिबन्स, पर्सेल या पूर्वसूरींच्या रचना त्याने तपासल्या, प्रती ताडून पाहिल्या आणि सर्व स्वर एकाखाली एक दिसतील अशा पूर्ण स्वरलिपीत मांडल्या. 'कॅथिड्रल म्युझिक'चे तीन खंड १७६०, १७६८ आणि १७७३ या वर्षी निघाले. तिसरा निघाला तेव्हा त्याची साठी उलटली होती. या खटाटोपातून त्याला पैसा असा काही मिळाला नाही. त्याच्या स्वतःच्या अनेक उपासनागीतांचा संग्रह मात्र त्याच्या मृत्यूनंतर, १७८० मध्ये, त्याच्या विधवा पत्नीसाठी छापला गेला. दुसऱ्यांचे छापताना त्याचे स्वतःचे राहून गेले...

आणि हे सारे ऐकू येईनासे होत असताना! बहिरेपणाने त्याला तरुणपणीच गाठले होते आणि तो वाढतच गेला. १७६८ मध्ये कॉर्नहिलच्या सेंट मायकेल चर्चमधील ऑर्गनवादकाची जागा त्याला सोडावी लागली. ज्याचे वादन लोकांना खटकू लागले होते, तोच माणूस त्या वर्षांत दोनशे वर्षांपूर्वीच्या संगीतातील चुकीचे स्वर निवडून बाजूला काढत होता. कानाने नव्हे, तर डोळ्यांनी आणि व्यासंगाने.

त्याच्या स्वभावाची एक खूण आम्हाला फार बोलकी वाटते. १७६१ मध्ये तिसऱ्या जॉर्जच्या राज्याभिषेकासाठी त्याने आठ रचना केल्या; पण 'झेडॉक द प्रीस्ट'ला नवे संगीत देण्याचे नाकारले. हॅन्डेलने १७२७ मध्ये केले त्यावर सरशी करता येणार नाही, अशी त्याची भूमिका होती. पद त्याचे, समारंभ राजाचा, हॅन्डेल दोन वर्षांपूर्वीच दिवंगत झालेला. तरी त्याने आपली लेखणी आवरली. याला न्यूनगंड म्हणता येईल का? आम्हाला तसे वाटत नाही. हे संपादकाचे तारतम्य आहे. कुठे लिहावे आणि कुठे जुन्याला हात लावू नये, हे ज्याला कळते, त्यानेच दुसऱ्याचा पाठ शुद्ध करावा.

७ फेब्रुवारी १७७९ रोजी बॉइस वारला. ज्या सेंट पॉल्समध्ये तो लहानपणी गायला, त्याच्याच घुमटाखाली त्याला पुरले. अभिरुची पालटली आणि त्याच्या सिंफनी विस्मृतीत गेल्या. १९२८ मध्ये कॉन्स्टंट लँबर्टने त्या संपादित करून पुन्हा प्रकाशात आणल्या. म्हणजे ज्याने इतरांसाठी जे केले, ते त्याच्यासाठी दीडशे वर्षांनी दुसऱ्या एका संपादकाने केले. या न्यायावर फार विसंबू नये, हे आम्ही जाणतो. सर्वांनाच लँबर्ट भेटत नाही. बॉइसला तरी तो भेटेल याची कुठे खात्री होती?

असो. विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर अजूनही आमच्याकडे नाही. गेल्या रविवारी मात्र पहिल्या बाडाची दोरी सोडली. आमचा ग्रंथ त्यामुळे आणखी मागे पडेल, हे उघड आहे. दुसऱ्याच पानाच्या समासात सरांच्या बारीक अक्षरातला शेरा दिसला : 'क प्रत पुन्हा पाहणे.'

पाहतो आहोत.