दिनांक विसरलेले यंत्र

पौष वद्य सप्तमीच्या सुमारास भरणारा विवेकानंद जयंतीचा उत्सव आटोपला, महापंगतीच्या मैदानावरील वर्दळ ओसरली आणि आमचे हिवरा आश्रम हे गाव पुन्हा नित्याच्या शांततेत स्थिरावले, त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी मी लॅपटॉप उघडला, तो काळ्या पडद्यावर इंग्रजीतील एकच ओळ उमटली: सुरू करण्याजोगे साधन सापडत नाही.

शुकदास महाराजांनी १९६५ साली येथे विवेकानंद आश्रम स्थापिला, त्या आरंभकाळाच्या आठवणी ज्यांच्या मुखी अद्याप आहेत अशा वृद्ध स्त्रीपुरुषांच्या जबान्या मी चार वर्षे टिपून घेत होतो. आरंभी पंगत केवढी असे, पुऱ्यांचे पीठ कोण मळी, आता ज्या ट्रॅक्टरांतून पुरी आणि वांग्याची भाजी लाखोंच्या पंगतीत फिरते त्यांच्या आधी वाढप कसे होई, असा तो सारा तपशील त्या एका यंत्रात होता. सांगणाऱ्यांपैकी दोघे आता हयात नाहीत. नक्कल मी काढून ठेवली नव्हती, आणि ही माझीच अक्षम्य हयगय होती.

ज्या दुकानात मी प्रथम गेलो, तेथे यंत्राकडे क्षणभर पाहून ‘फॉरमॅट मारावा लागेल’ असा निर्णय देण्यात आला. फॉरमॅट म्हणजे डिस्कची पाटी कोरी करणे. आत काय आहे, याची विचारपूसही न करता उच्चारलेला तो शब्द ऐकून माझा जीव कळवळला. मी लॅपटॉप उचलून परत आलो.

शेजारचा मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याने प्रथम आपल्या पेनड्राइव्हवरील लिनक्स सुरू केले, माझी डिस्क केवळ वाचण्यापुरती उघडली, आणि अन्य कशालाही हात लावण्यापूर्वी सर्व जबान्या दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतल्या. त्या क्षणी मला जे वाटले ते शब्दांत मांडणे कठीण आहे. मग तो म्हणाला, “गुर्जी, डिस्कले काईच झालं नाई. याले ते कुठं हाय, हेच समजून नाई राह्यलं.”

यंत्राच्या मूळ मांडणीचे पान त्याने उघडले, तेव्हा तेथे दिनांक होता १ जानेवारी २०१२. त्या एका ओळीत साऱ्या प्रकरणाचा उलगडा होता. माझा लॅपटॉप २०१३ सालचा. त्यात विंडोज ८ आली होती, पण मी सवयीची विंडोज ७ जुन्या पद्धतीने बसवून घेतली होती आणि त्यासाठी मूळ मांडणीत ‘लेगसी’ हा पर्याय निवडावा लागला होता. ती निवड आणि घड्याळ, दोहोंचा सांभाळ मदरबोर्डवरील रुपयाएवढा तीन व्होल्टचा सेल करतो. मुख्य बॅटरी वर्षापूर्वीच निकामी झाल्यामुळे रात्री प्लग काढला, किंवा वीज गेली, की सर्व भार त्या सेलवर पडे. तो संपला तेव्हा यंत्र कारखान्यातून आलेल्या मांडणीकडे परतले, आणि ‘यूईएफआय’ या नव्या पद्धतीचे विभाग शोधू लागले, जे विंडोज ७ बसवल्यापासून माझ्या डिस्कवर नव्हतेच. आत सर्व काही जागच्या जागी असूनही त्याच्या दृष्टीने तेथे काहीच नव्हते.

पर्याय पुन्हा ‘लेगसी’ केल्याबरोबर विंडोज सुरू झाली. दुसऱ्या दिवशी पहाटे वीज गेली, आणि पुन्हा तीच ओळ, पुन्हा तेच २०१२. निदानाची खातरजमा याहून स्पष्ट कोणती व्हावी? घड्याळाच्या दुकानातून सीआर २०३२ हा सेल आणला, मुलाने तळाचे झाकण स्क्रू काढून उघडले, जुना सेल नखाने उचलला आणि नवा त्या खाचेत बसवला. त्या रात्री मी प्लग मुद्दाम काढून ठेवला. सकाळी दिनांक बरोबर होता.

मात्र एक काम उरले होते. सेल क्षीण होत असताना घड्याळ कित्येक आठवडे मागे पडत होते आणि मी ते हाताने पुढे सारून विषय सोडून देत होतो. त्या दिवसांत टिपलेल्या तीन जबान्यांवर खोटे दिनांक पडले होते. त्यांतील एक, आता हयात नसलेल्या आजींची शेवटची जबानी होती. हस्तलिखित वही काढली, दुपारभर नोंदी पडताळल्या, आणि तिन्हींच्या शिरोभागी खरा दिवस लिहिला.