द्राक्षांच्या मुलुखांत एक दिवस

युरोपखंडांतील द्राक्षांच्या प्रदेशांतून सायकलीवर हिंडण्याची तिकडील लोकांस मोठी हौस आहे. फ्रान्समधील आल्सास प्रांतांत १९५३ सालीं एक द्राक्षमार्ग आंखण्यांत आला. सुमारें १७० किलोमीटर लांबीचा हा मार्ग गांवोगांवच्या बागांमधून जातो, आणि वाटाड्या न घेतां, खिशांत नकाशा व पाठीवर शिदोरी घेऊन लोक त्याचे हवे तेवढे तुकडे आपल्या सवडीनें पाहतात. शिक्षकांच्या खोलींत हें वर्णन एकानें वाचून दाखविलें, तेव्हां आमच्या भूगोलाच्या गुरुजींनीं चष्मा कपाळावर सारून एवढेंच विचारलें, "आणि आपण राहतों तें कोठें?"

प्रश्न रास्त होता. आपल्या देशांतून परदेशीं जाणाऱ्या द्राक्षांत नाशिक जिल्ह्याचा वांटा सर्वांत मोठा आहे, आणि वाइनचे कारखाने तर शहराच्या उंबरठ्यावर उभे आहेत. तेव्हां फेब्रुवारींतील एक सुट्टीचा शनिवार ठरला. भूगोलाचे गुरुजी, विज्ञान शिकविणाऱ्या बाई आणि इंग्रजीचे आम्ही, अशीं तिघें निघावयाचीं. वाटाड्या घ्यावयाचा नाहीं, मोटार बोलवावयाची नाहीं, आणि पंक्चर काढण्याचें साहित्य बाईंच्या पिशवींत राहील, एवढे तीन नियम झाले. मार्ग असा: गंगापूर रस्त्यानें धरणापर्यंत, तेथून गिरणारें, आणि परततांना मुंगसरा, मातोरी, मखमलाबाद या वाटेनें घर. एकंदर फेरा चाळीस किलोमीटरांच्या आंतबाहेर.

गंगापूर रस्त्याविषयीं फार लिहिण्यासारखें उरलेलें नाहीं, कारण इमारतींनीं तो दोन्ही बाजूंनीं गिळला आहे. सोमेश्वराच्या पुढें हवा बदलते. सकाळच्या थंडींत कान बधिर झाले होते व बोटें ब्रेकवर चिकटून बसलीं होतीं, परंतु धरणाच्या चढावर तिघांसहि घाम फुटला. गंगापूरचें हें धरण मातीचें आहे. गोदावरीवरील हें बांधकाम १९६५ सालीं पुरें झालें, आणि नाशिककरांच्या नळाला येणारें पाणी बहुतांशीं येथलेंच असतें. पश्चिमेकडे पाण्यापलीकडे अंजनेरी व ब्रह्मगिरि निळसर दिसत होते. ज्या डोंगरावर नदी उगम पावते तो डोंगर आणि जेथें ती अडविली जाते तें पाणी, दोन्ही एकाच दृष्टिक्षेपांत येतात. वर्गांतील भिंतीवरचा नकाशा पाहून ही गोष्ट मुलांना कधीं खरी वाटत नाहीं, असें गुरुजी म्हणाले, आणि न्याहारी होईपर्यंत दुसरें कांहीं बोललेच नाहींत.

पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतरांत ‘द्राक्षमळा’ व ‘द्राक्षकुंड’ हे शब्द येतात, व आमच्या विद्यार्थ्यांच्या ते कानांवरचे आहेत. परंतु या वाटेवर कोणास द्राक्षमळा कोठें आहे म्हणून विचारावें, तर तो क्षणभर विचारांत पडतो. येथें मळा भाजीपाल्याचा असतो. द्राक्षांची ती ‘बाग’, आणि तीहि नुसती ‘बाग’. बाग म्हटल्यावर दुसरें कांहीं या भागांत कोणाच्या मनांत येतच नाहीं.

धरणाच्या परिसरांत वाइनचे कारखाने आहेत. राज्य सरकारनें २००१ सालीं द्राक्षप्रक्रियेस उत्तेजन देण्याचें धोरण जाहीर केलें, आणि त्यानंतरच्या वर्षांत त्यांची संख्या वाढली. त्यांपैकीं एक आम्हीं आंत जाऊन पाहिला. द्राक्षकुंडाच्या जागीं आतां उंच पोलादी टाक्या आहेत. द्राक्षांतील साखरेचें यीस्ट नांवाच्या सूक्ष्म बुरशीमुळें मद्यार्कांत व कार्बन डायऑक्साइड वायूंत रूपांतर होतें. त्या वेळीं उष्णता निर्माण होते, म्हणून टाक्या बाहेरून थंड ठेवाव्या लागतात. बाईंनीं आम्हां दोघांस विद्यार्थी समजून विचारलें कीं, तांबड्या वाइनला रंग कोठून येतो? उत्तर आम्हांस आलें नाहीं. काळ्या द्राक्षाचाहि गर बहुधा पांढराच असतो. रंग असतो तो सालींत, म्हणून तांबडीसाठीं रस सालींसह आंबवितात, व पांढरीसाठीं साली आधींच वेगळ्या काढतात. पाऊण लिटरच्या एका बाटलीस साधारण किलोभर द्राक्षें लागतात.

पालकांच्या मनांत या ठिकाणीं एक प्रश्न उभा राहील तो आम्हांस दिसतो. राज्याच्या नियमाप्रमाणें एकवीस वर्षांखालील कोणासहि वाइन दिली जात नाहीं. आम्ही तिघेंहि ती मर्यादा फार पूर्वीं ओलांडलेलीं, परंतु पुढें पुष्कळ चढउतार बाकी होता, म्हणून आम्हीं न आंबविलेला साधा द्राक्षरस मागविला. वाढणाऱ्या मुलाच्या चेहऱ्यावरील निराशा येथें वर्णन करीत नाहीं.

तेथील बागेंत एका मजुरानें वाइनच्या द्राक्षांचा लहानसा घड आमच्या हातीं दिला. वाटाण्याएवढीं फळें, साल जाड, आणि दाताखालीं बियाच बिया. गोडी मात्र अशी कीं ओंठ एकमेकांस चिकटावेत. ही चव पुढें दुपारीं आम्हांस आठवावयाची होती.

गिरणाऱ्यास टोमॅटोचा मोठा बाजार भरतो. तेथें चहा घेऊन आम्ही मुंगसऱ्याच्या वाटेस लागलों. आतां दोन्ही बाजूंस खाण्याच्या द्राक्षांच्या बागा. सायकलीचा लाभ येथें कळतो. मोटारींतून बाग ही हिरवी भिंत दिसते, तर सायकलीवरून एकेक ओळ उघडते आणि मिटते. कांहीं बागांत घडाघडांस वर्तमानपत्राचे कागद गुंडाळलेले होते. परदेशीं जावयाच्या हिरव्या द्राक्षांवर थंडीच्या दिवसांत गुलाबी छटा चढते व माल नापसंत होतो, म्हणून ही योजना. जुन्या निवडणुका, जुने सामने, जुने बाजारभाव वेलींवर लटकलेले पाहून गुरुजींस वाचण्याचा मोह आवरेना.

याच वाटेवर आमच्या शाळेच्या एका माजी विद्यार्थिनीची बाग आहे. ती आतां कृषिपदवीधर आहे. येण्याचें आम्हीं आधींच कळविलें होतें. मांडवाखालीं सतरंजी अंथरलेली होती. पिठलें, भाकरी व ठेचा तयार होता. जेवतां जेवतां तिच्या वडिलांनीं बागेचें वर्ष आम्हांस समजावून सांगितलें. थंड देशांत वेल हिंवाळ्यांत पानें टाकून झोपी जाते, व तिची छाटणी वर्षांतून एकदांच होते. आमच्याकडे थंडी तेवढी पडत नाहीं, त्यामुळें वेलीला झोप नाहीं. मग शेतकरी दोनदां कात्री चालवितो. एप्रिलांतील खरड छाटणीनें काडी तयार होते, आणि ऑक्टोबरच्या सुमारास होणाऱ्या छाटणीनें त्या काडीवर फळ येतें. चौदाव्या शतकांत दौलताबादेस आलेल्या इब्न बतूता या प्रवाशानें तेथील द्राक्षें वर्षांतून दोनदां येतात असें लिहून ठेविलें आहे, तें गुरुजींनीं सांगितलें. त्यावर वडील हंसले. म्हणाले, "दोनदा घेतली असती तर वेलीनं दम टाकला असता सर. एकदाच घेतो, तरी नाकी नऊ येतात."

तें अतिशयोक्तीचें नव्हतें. २०१९ सालीं पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरांत रेंगाळला आणि छाटलेल्या बागांचे कोंवळे घड कुजले. पुढच्या मार्चांत माल तयार झाला, तोंच टाळेबंदी आली. त्या वेळीं पुष्कळांनीं द्राक्षें वाळवून बेदाणे केले. त्याच्याहि आधीं एका हंगामांत एका व्यापाऱ्यानें पहिल्या दोन गाड्यांचे पैसे रोख मोजले, उरलेल्या सगळ्या मालाचा धनादेश दिला, आणि तो वटला नाहीं. माणूस गांव सोडून गेला होता. व्यवहार शब्दावर झालेला, कागद कोठला असणार?

येथपर्यंतची हकीकत आम्हीं यापूर्वीं इतरांकडूनहि ऐकली होती. पण जेवणें झाल्यावर त्या मुलीनें घरांतून एक कागदांचा जुडगा आणून आमच्यापुढें ठेविला. "सर, तुम्ही इंग्रजी शिकवता. हे जरा वाचून सांगा ना." एका वाइन कंपनीचा करारनामा होता. एक एकर वाइनची द्राक्षें लावावींत, कंपनीनें ती ठरलेल्या दरानें घ्यावींत, असा तिचा बेत. शब्दावर माल देण्यापेक्षां कागद बरा, हें तिचें म्हणणें.

वडील उठून बांधाकडे गेले, आणि परत आले. मग बोलूं लागले. २००४ सालीं त्यांनींहि असाच कागद करून दोन एकर वाइनची बाग लावली होती. पहिले हंगाम चांगले गेले. पुढें २००८ ची मंदी आली, टाक्या भरलेल्या राहिल्या, आणि २००९ सालीं कंपनीनें माल घेण्याचें नाकारलें. "खायचं द्राक्ष असतं तर मी हातगाडीवर विकलं असतं. बेदाणा केला असता. पण हे द्राक्ष बाजारात नेलं तर गिऱ्हाईक तोंडात टाकतं आणि थुंकतं." सकाळचा तो बियांचा घड आम्हां तिघांसहि त्या क्षणीं आठवला. खरेदी करणारा एकच, आणि त्यानें पाठ फिरविली तर त्या गोड फळास जगांत दुसरें कोणी नाहीं. वडिलांनीं ती बाग मुळांसकट उपटली. मुलगी तेव्हां आमच्याकडे पांचवींत होती. त्या वर्षीं तिची फी उशिरां आली होती, हें आम्हांस आतां उमगलें.

आम्हीं कागद वाचावयास घेतला. दर, गोडीचे अंश, तोडणीची वेळ, सर्व नीट होतें. सहाव्या कलमांत वाक्य होतें त्याचा अर्थ असा: साठवणीच्या सोयीनुसार कंपनी माल स्वीकारील. तेथें इंग्रजींत ‘शॅल’ नव्हतें, ‘मे’ होतें. ‘शॅल’ म्हणजे घेतलाच पाहिजे. ‘मे’ म्हणजे वाटल्यास घेईल. वीस वर्षें आम्ही हा फरक फळ्यावर लिहीत आलों, आणि या मुलीच्या वहींतहि त्यापायीं तांबडी शाई खर्च केली होती. पण तीन अक्षरांच्या शब्दावर दोन एकर बाग उभी राहते किंवा पडते, असें उदाहरण आम्हांस कोणत्याहि व्याकरणांत सांपडलें नव्हतें.

वडील ऐकत होते. "हेच असेल तेव्हाही," ते म्हणाले. "सही शेवटच्या पानावर होती. मधली पानं कुणी वाचली?"

मुलीनें पेन्सिलीनें तो शब्द खोडला व वर दुसरा लिहिला.

"आणि कंपनी नाही म्हणाली तर?"

"मग लावायची नाही, अण्णा. जमीन आपली आहे, घाई त्यांना आहे."

वडिलांनीं आमच्याकडे पाहिलें. शिकविलें तुम्हीं, आतां सांगाहि तुम्हींच, असा त्या पाहण्याचा अर्थ आम्हीं घेतला. सल्ला देणें हा शिक्षकाचा धंदा, परंतु दुसऱ्याच्या जमिनीवर तो देतांना जीभ जड होते. आम्ही एवढेंच म्हणालों कीं, सही करण्यापूर्वीं हा कागद एखाद्या वकिलास दाखवावा, आणि कंपनीचें उत्तर लेखी घ्यावें. बाईंनीं मधेंच खुंट कोणता लावणार म्हणून विचारलें, व मग दोघी डॉगरिज या खुंटाविषयीं, पाण्यांतील क्षारांविषयीं व भुरी-डावणी या रोगांविषयीं अशा बोलूं लागल्या कीं, आम्हां पुरुषांचें तेथें कांहीं काम उरलें नाहीं. गुरुजी घडांवरचीं वर्तमानपत्रें वाचावयास गेले.

निघतांना प्रत्येकाच्या सायकलीस द्राक्षांची एकेक पेटी बांधण्यांत आली. नको म्हणण्याची सोय नव्हती. मातोरीनंतरच्या उतारावर पेटी मागून ढकलते आहे असें वाटे. उत्तरेकडे रामशेजचा किल्ला उन्हांत पिवळा दिसत होता. १६८२ सालीं मोगलांनीं त्यास वेढा घातला, आणि तो लहानसा किल्ला वर्षानुवर्षें लढत राहिला, तें गुरुजींनीं पेडल मारतां मारतां सांगितलें. मखमलाबादेस दिवे लागले. बाईंच्या चाकाचें एकमेव पंक्चर शहराच्या हद्दींत शिरल्यावर झालें, व तें त्यांनींच काढलें.

मार्चअखेर त्या मुलीचा निरोप आला. कंपनीनें निम्म्या मालापुरता ‘शॅल’ मान्य केला. उरलेल्या निम्म्यास ‘मे’ तसाच ठेविला. अण्णांनीं त्यावर एका एकराचा अर्धा एकर केला. तेवढ्या जागेंत खुंटाचीं रोपें लावून झालीं आहेत, आणि कलमें सप्टेंबरांत भरावयाचीं आहेत.